वसंतांतील फुलांचीं नांवें

वसंत ऋतु चैत्र-वैशाखाचा असें पंचांग सांगतें. परंतु वनांतील वृक्षांस पंचांग ठाऊक नसतें. माघ सरतां सरतां पानें झडलेल्या सांवरीवर लाल फुलें दिसूं लागतात, फाल्गुनांत पळस पेटतो, आणि पाडव्याची गुढी उभारावी तों वसंताचा अर्धा सोहळा होऊन गेलेला असतो. सेवानिवृत्तीनंतर या दिवसांत नातवंडांस घेऊन पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर व सिंहगडाच्या पायथ्याशीं हिंडण्याचा परिपाठ आम्हीं ठेविला आहे. फूल पाहून आनंद सर्वांसच होतो. पण ओळख पटल्यावांचून तो टिकत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

मुलें प्रथम रंग पाहतात आणि रंगानेंच फसतात. सांवर, पळस, पांगारा हे तिघेहि तांबडे, म्हणून तिघेहि एकच, असा त्यांचा निकाल! येथें थोडी मास्तरकी उपयोगी पडते. सांवरीचें फूल पेल्यासारखें, पांच जाड मांसल पाकळ्यांचें, आंत पुंकेसरांचा दाट झुबका. पळसाच्या कळीच्या देंठाशीं काळसर मखमल असते, आणि नारिंगी पाकळ्यांचा आकार पोपटाच्या चोंचीसारखा बांकदार असतो. ‘हा शुक तर नव्हे?’ अशा शंकेवरून ‘किंशुक’ हें नांव पडलें अशी व्युत्पत्ति सांगतात. पांगाऱ्यालाहि तीन-तीनच पानें. तेव्हां ‘पळसाला पानें तीनच’ ही म्हण ओळखीस पुरत नाहीं. पण पांगाऱ्याच्या फांदीवर कांटे असतात, पळसावर नसतात. एवढें सांगतांच आमची धाकटी नात फुलाऐवजीं फांदी पाहून उत्तर देऊं लागली.

नांवानेंहि माणूस फसतो. वेताळ टेकडीवर फाल्गुनांत फिकट गुलाबी फुलांनीं लगडलेलीं जीं झाडें दिसतात, त्यांस गिरिपुष्प म्हणतात. ऐकणारास वाटावें, हा कालिदासाच्या वेळचा वृक्ष असावा! वस्तुतः तो मूळचा मध्य अमेरिकेंतला. ‘ग्लिरिसिडिया’ या शास्त्रीय नांवास हा संस्कृत पोशाख चढविलेला आहे. त्या लॅटिन नांवाचा अर्थ उंदीर मारणारा असा असून ‘उंदीरमारी’ हेंहि नांव लोकांत रूढ आहे. नांव संस्कृत असलें म्हणून कूळ संस्कृत ठरत नाहीं.

घरच्या बागेंत तरी निराळें काय आहे? मोगरा आपला, पण ज्याचीं फुलें आपण रोज देवास वाहतों तो देवचाफा अमेरिकेहून आलेला. बोगनवेलहि तिकडचीच, तिच्या रंगीत पाकळ्या वस्तुतः पाकळ्याच नव्हत, तीं रंगलेलीं पानें होत, खरीं फुलें त्यांच्या आंत बारीक नळ्यांसारखीं असतात. कुंडींतल्या मातींत आपोआप उगवणारी पिवळ्या फुलांची आंबुटी मुलें आवडीनें चघळतात, आणि तिची भाजीहि होते. परंतु कुंपणाला लाविलेला पिवळा कण्हेर सर्वांगीं विषारी, त्यांतहि त्याचें बीं फारच घातक. जें मूल आंबुटीचें पान चाखतें तेंच कण्हेरीचें बीं तोंडांत घालूं शकतें. ज्या घरांत लहान मुलें आहेत तेथें ही ओळख केवळ हौसेची बाब राहत नाहीं.

खरी कसोटी मात्र कुड्यापाशीं लागते. पांढऱ्या कुड्याची साल अतिसारावर आयुर्वेदांत प्रसिद्ध आहे, आणि तिच्यांत काळ्या कुड्याच्या सालीची भेसळ होते. दोहोंस समोरासमोर पानें, दोहोंस पांढरीं फुलें, दोहोंतून पांढरा चीक, दोहोंस जोडीनें लोंबणाऱ्या शेंगा. भेद जाणावा तो असा: काळ्या कुड्याच्या फुलाच्या मध्यभागीं तंतूंची झालर असते, पांढऱ्याच्या फुलांत ती नसते. काळ्याच्या कोंवळ्या शेंगांची जोडी टोकाशीं जुळलेली असते, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात.

आमच्या मातोश्रींस लिहितां-वाचतां बेताचेंच येत असे. पण हा भेद त्या चालतां चालतां सांगत. कुड्याचें पाळ त्यांच्या डब्यांत सदैव असे, आणि तें दुसऱ्याच्या ओळखीवर त्यांनीं कधीं घेतलें नाहीं. १९९८ सालीं त्या वारल्या. चरकसंहिता आमच्या कपाटांत आहे, आणि तींतहि कुटजाचे पुरुष व स्त्री असे दोन भेद सांगितले आहेत. परंतु झाड दाखविणारें बोट गेलें. औषध वैद्य-डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावें. पण घरांतील एकेका माणसाबरोबर अशीं किती नांवें जातात, याचा विचार करावा.

दुसरी हानि वणव्याची. ह्याच दिवसांत टेकड्यांवरील वाळल्या गवतास आगी लागतात. जिच्या फुलांनीं आसवें-अरिष्टें आंबवितात ती धायटी तेव्हां लाल फुलांनीं भरलेली असते, आणि तशीच होरपळते. ज्यास तिचें नांव ठाऊक नाहीं त्यास केवळ झुडूप जळालेलें दिसतें.

हल्लीं मुलें फोनवर छायाचित्र काढून नांव विचारतात. आमची त्यास हरकत नाहीं. परंतु मिळालेलें नांव खरें कीं खोटें हें ठरविण्यास लक्षणें आपल्यालाच ठाऊक हवींत. म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक घरानें एक वही करावी. तींत फुलाचें नांव, स्थळ, तिथि आणि ओळखीचें एक लक्षण लिहावें; फूल तोडूं नये, गळलेलें उचलावें. घरांतील वडीलधाऱ्या बायकांस त्यांच्या माहेरचीं नांवें विचारून तींहि लिहून ठेवावींत. हें काम त्या सांगावयास आहेत तोंवरच होण्यासारखें आहे.