राणीच्या बागेतलं होमपेज

सांगा बघू, मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम कुठलं? काळा घोड्याजवळचं म्हणालात? सॉरी बॉस! ते लोकांसाठी उघडलं 1922 मध्ये. त्याच्या तब्बल 50 वर्षं आधी, 2 मे 1872 ला, भायखळ्यात राणीच्या बागेला लागून एक म्युझियम सुरू झालं होतं. गंमत म्हणजे ज्याच्यामुळे काळा घोडा हे नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा पुतळाही आता तिथेच, बागेत उभा आहे!

तर हे डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियम. माझी एक वेब डिझायनर मैत्रीण सध्या त्याची वेबसाइट नव्याने डिझाइन करतेय. ऑफिशियल काम नाही हं, पोर्टफोलिओसाठी. मराठी मजकूर अर्थातच माझ्या गळ्यात! डील एकच, लॅपटॉप उघडायच्या आधी तिथे जायचं. सोबत बाबांना घेतलं, कारण ‘युजर टेस्टिंग’साठी फुकटात दुसरं कोण मिळणार?

बाबांचं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं, आजोबा मिलमध्ये होते. मे महिन्याच्या सुट्टीत चालत राणीची बाग गाठायची, माकडं बघायची, भेळ खायची आणि घरी. म्युझियम?

‘‘बाहेरून बघितलंय की. आत सगळा साहेबी थाट, आपण कशाला जातोय!’’

इतक्या वेळा बागेत जाऊन बाबा त्या पायऱ्या एकदाही चढले नव्हते.

‘‘काका, हे म्युझियम फोनवर शोधून दाखवा ना,’’ मैत्रीण म्हणाली. बाबांनी माइकचं बटण दाबलं आणि बोलले, ‘राणीचा बाग म्युझियम’. तिने लगेच वहीत लिहून घेतलं. बागेचं आजचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. म्युझियमचं मूळ नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, 1975 मध्ये ते बदललं. पण तोंडात बसलीय ती राणीची बागच. मग साइटवरच्या पहिल्या ओळीतही तीच हवी, नाही का?

आणि भाऊ दाजी कोण, हेही तिथेच सांगायला हवं. नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. ‘भाऊ’ हे त्यांचं घरातलं नाव आणि ‘दाजी’ वडिलांचं. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, वर जुने शिलालेख वाचणारे पंडित. ते आणि गिरगावचे नाना शंकरशेट यांनी या इमारतीसाठी लोकांकडून वर्गणी गोळा केली. 1862 मध्ये पायाभरणी झाली आणि 1865 मध्ये शेअर बाजार कोसळल्यावर पैसाच आटला. शेवटी सरकारने काम पुरं केलं, पण ते बघायला नाना उरले नव्हते. म्हणजे बाबा ज्याला साहेबाचं घर समजत होते, त्यात गिरगावच्या माणसांचे पैसे आहेत!

आत गेलात की मात्र डोळे दिपतात. सोनेरी नक्षी, उंच खांब, ओतीव लोखंडाचे कठडे... 2003 मध्ये सुरू झालेल्या दुरुस्तीला 2005 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही. इथेच आमची वादावादी झाली. मैत्रिणीला होमपेजवर हाच हॉल फुल स्क्रीन हवा होता. फोटो झक्कास येतो, मान्य. पण ज्या थाटाने बाबांना इतकी वर्षं बाहेर ठेवलं, तोच थाट दारात लावायचा?

बाबा तेवढ्यात वरच्या मजल्यावर गायब झाले होते. तिथे मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांच्या, धंद्यांच्या. शिवाय नाना तऱ्हेच्या पगड्या. काचेला नाक लावून ते एकेक पगडी ओळखत होते, चुकत होते, पाटी वाचत होते. पाऊण तास! इतका वेळ ते मॉलमध्येही थांबत नाहीत (आईला विचारा).

‘‘अगं, हेच टाक की वर,’’ मी म्हटलं.

मैत्रीण पूर्ण पटली नाही. इंग्रजी पानावर हॉल, मराठी पानावर पगडी, अशी सध्या तडजोड आहे. आणि मराठी पान म्हणजे इंग्रजीचं भाषांतर नाही, ही माझी अट! ‘पॅलेडियन शैलीतील वास्तू’ वाचून लालबागचा कुठला माणूस पोरांना घेऊन येईल?

त्यापेक्षा अंगणातल्या दगडी हत्तीची गोष्ट सांगा. घारापुरीला पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटलं ते याच्यामुळे. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायला निघाले, तर उचलतानाच फुटला. तुकडे राणीच्या बागेत आले आणि 1914 मध्ये पुन्हा जोडले गेले.

या वीकएण्डला जाऊनच या. भायखळा स्टेशनला उतरा, पूर्वेकडे चालत अंतर आहे. बुधवारी म्युझियम बंद असतं आणि बागही. ठाण्याहून पोरांना घेऊन निघालेल्या माणसाला हे भाऊ दाजींच्या आधी कळायला हवं, म्हणून आमच्या डिझाइनमध्ये ते सगळ्यात वर आहे, ठळक अक्षरात.