अर्बॅनिटी आणि गावठाण

अर्बॅनिटी म्हणजे बोलण्यावागण्यातला शहरी सफाईदारपणा. मूळ लॅटिन शब्द ‘उर्ब्स’, म्हणजे शहर. रोमन माणूस नुसते ‘शहर’ म्हणाला की ते रोमच असे, जसे कांदिवलीत ‘टाउनला जातो’ म्हटले की दक्षिण मुंबई समजावी. इ.स.पू. 46 मधल्या ‘ब्रूटस’ या संवादात रोमन वक्ता सिसेरो याला प्रश्न येतो, की वक्त्याच्या बोलण्यातला हा शहरी रंग म्हणजे नेमके काय? सांगता येत नाही, पण तो असतो खरा, एवढेच तो म्हणतो. शतकाहून अधिक काळाने वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियनने व्याख्या केली: शब्दांत आणि उच्चारांत जाणवणारी शहराची चव, आणि जाणत्यांच्या सहवासातून आलेली बहुश्रुतता. याच्या विरुद्ध गावंढळपणा. गंमत अशी, की सिसेरो आर्पिनम या लहान गावातला आणि क्विंटिलियन थेट स्पेनमधला. शहराची चव बाहेरून आलेल्यांनाच अधिक कळली असावी.

संस्कृतात हे काम ‘नागर’ करतो. कामसूत्रातल्या नागरकाच्या खोलीत खुंटीला वीणा आणि हाताशी चित्रफलक असतो. गोष्ठीत, म्हणजे मित्रांच्या बैठकीत, त्याने ना निव्वळ संस्कृत बोलावे, ना निव्वळ देशभाषा. गावात राहणाऱ्याने त्याचे अनुकरण करावे, असाही सल्ला आहे. 1290 च्या ज्ञानेश्वरीत, दहाव्या अध्यायात, ज्ञानेश्वरांनी हा क्रमच उलटवला. त्यांनी नागरपण देशीलाच, म्हणजे मराठीलाच, बहाल केले.

पुढे इंग्रजीने शहराचा शब्द दुभंगला: ‘अर्बन’ नकाशासाठी, ‘अर्बेन’ माणसासाठी. मराठीत ‘नागरी’ पाणीपुरवठ्यापुरता आणि सुविधांपुरता उरला. दुभंगला तो गावाचा शब्द. ‘ग्रामीण’ला साहित्यात मान आहे, ‘ग्राम्य’ ही शिवी झाली.

कांदिवलीत या दोन्ही फुटी एकत्र भेटतात. 1957 मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, तेव्हा कांदिवली महापालिकेत आली. 1990 पासून मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा आहे. नाव उपनगर, म्हणजे नगर होता होता राहिलेले. चारकोप, पोईसर ही मुळातली गावे. त्यांच्याभोवती इमारती उठल्या, तरी ‘गावठाण’ हा शब्द टिकला. पूर्वेकडे मात्र उंच टॉवरांच्या वसाहतीचे नाव ‘ठाकूर व्हिलेज’. ‘ठाकूर खेडे’ अशी पाटी लावून तिथला फ्लॅट विकायला कोणी बिल्डर धजला नसता.