गिटारची पट्टी आणि अनुमोदना



दहावीनंतरच्या सुट्टीत नातवाला साडेतीन हजारांची अकूस्टिक गिटार घेतली. दिसायला छान, पण तारा इतक्या उंच की दाबून दाबून बोटं सोलायची. महिन्याभरात सुरू झालं, "आजी, दहा हजारांची घेऊया." कुकरची रिंग गेली म्हणून आपण कुकर टाकतो का? गिटार घेऊन आम्ही मिरज गाठलं. सतार-तंबोऱ्यांचं गाव ते. २०२४ साली तिथल्या या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

कारागीर म्हणाले, "काकू, गिटार वाईट नाही. तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, सॅडल, खालून घासू." बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो. त्यामुळे तिथे तार एक मिलिमीटर खाली आणायची, तर सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं. बारा नंबरच्या तारा काढून दहाच्या घातल्या की ताणही कमी होतो.

मग ते म्हणाले, "प्लास्टिकऐवजी हाडाची पट्टी घाला. आवाज खुलेल."

हाड! साध्या गिटारीत प्लास्टिक, आणि भारीतल्या काहींत हाड, शिंपले, जनावरांचा सरस. म्हणजे वस्तू सुधारायची तर हिंसेकडे जायचं?

घरी हे म्हणाले, "जनावर काही या पट्टीसाठी मारलेलं नसतं. हाड वायाच जाणार."

मी बी.कॉम. झालेली. कॉस्टिंगमध्ये शिकले होते, की उपउत्पादनाच्या विक्रीतून आलेले पैसे मुख्य मालाच्या खर्चातून वजा होतात. हाड, चामडं, चरबी विकली गेली की कत्तलखान्याचा खर्च तेवढा उतरतो. म्हणजे पट्टीचे माझे पैसे त्याच वहीत जमा. कृत, कारित, अनुमोदना यांतली अनुमोदना मला या हिशेबात लख्ख दिसली.

चौकशी केली तर टस्क नावाच्या कृत्रिम पदार्थाच्या पट्ट्या मिळतात असं कळलं. त्या मागवल्या. पट्ट्या, तारा, मजुरी मिळून एकोणीसशे. एकूण गिटार पडली ५,४०० रुपयांना. बोटं दुखणं थांबलं, आवाजही स्वच्छ झाला. दहा हजारांच्या गिटारीचा विषय निघत नाही. दशलक्षण पर्वातल्या भक्तीसाठी नातू आता रोज संध्याकाळी सराव करतो.

तुम्ही गिटार घेणार असाल तर दुकानात तीन गोष्टी विचारा: नट आणि सॅडल कशाचे आहेत, नक्षी शिंपल्याची की प्लास्टिकची, आणि सोबतचा पट्टा चामड्याचा तर नाही ना? कापडी पट्टा सहज मिळतो.

जाऊबाईंनी मात्र मला अडवलं, "आणि आपल्या भजनी मंडळाच्या ढोलकीचं चामडं?" त्यांचं बरोबरच आहे. सिंथेटिक पुडीची ढोलकी मिळते. नाद थोडा वेगळा लागतो, आणि मंडळातल्या जुन्या बायकांना तो रुचेल असं नाही. तरी येत्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. तुमच्या मंदिरात काय वाजतं, जरूर कळवा.