दम आपला, धक्का बॅटरीचा!

शनिवारी सकाळी सहाला चांदणी चौकात पाच मिनिटं थांबून बघा. हेल्मेट, गॉगल आणि घट्ट जर्सी घातलेली मंडळी घोळक्याने पौडच्या दिशेने सुटलेली दिसतील. त्यात तुमच्या ऑफिसातला एक जण हमखास असतो. सोमवारी कॉफी मशिनपाशी तो सहज बोलल्यासारखं 'परवा शंभर मारले' असं सांगतो आणि तुम्ही गुपचूप पोट आत ओढता. सायकल तशी तुमच्याकडेही आहे. बाल्कनीत. सध्या तिच्यावर टॉवेल वाळतोय.

त्यात तुमचा फारसा दोष नाही. पुण्याबाहेर पडायचं म्हणजे चढ आलाच. कात्रज घ्या, बोपदेव घ्या, दिवे घाट घ्या. (सोलापूर रोड सपाट आहे, पण सुट्टीच्या दिवशी हौसेने तिकडे कोण जातं?) त्यातून डांबर सोडून कच्च्या वाटेला लागलात की चढ, दगड आणि फुफाटा सगळं एकदमच अंगावर येतं. माउंटन बाइकिंगची हौस बहुतेकांची दुसऱ्याच रविवारी विरते, ती इथे.

या चढावरचा उपाय म्हणजे इलेक्ट्रिक माउंटन बाइक, लाडाने ई-एमटीबी. जाड खाचांचे टायर, पुढे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक आणि पेडलला हात देणारी छोटी मोटर. परदेशात २०१५च्या आसपास स्पेशलाइज्डची टर्बो लेव्हो आली आणि हा प्रकार जोरात सुरू झाला. २०१९ साली कॅनडात माँ-सेंत-आन इथल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ई-एमटीबीला पहिल्यांदा स्वतःची शर्यत मिळाली. आपल्याकडे हीरो लेक्ट्रो, पुण्याचीच ईमोटोरॅड अशा कंपन्यांनी ई-सायकली सर्वसामान्य खिशाच्या जवळ आणल्या आणि मग 'ही खरी सायकल का?' हा वादही आला. पुणंच ते!

मी यात पडले ती ताईमुळे. ताई म्हणजे माझी मावसबहीण, वय सदतीस. एके काळी कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक ती वर्षातून दोनदा करायची, वर सकाळी घरी येऊन पोळ्या लाटायची. दोन वर्षांपूर्वी बॅडमिंटन खेळताना तिच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, रोजचं चालणं सुरळीत झालं. पण उतारावर गुडघा अजून कुरकुरतो. तिचा ट्रेकिंगचा ग्रुप आजही दर महिन्याला कुठेतरी जातो, फोटो टाकतो आणि ही खाली एक अंगठा टाकते. फिजिओथेरपिस्टने सायकलला परवानगी दिल्यावर तिने एकच विचारलं, ''राजमाची जमेल का गं?'' राजमाची हा तिचा कॉलेजातला पहिला ट्रेक.

आधी गाडीबद्दल बोलू, कारण दुकानात तुम्हाला रंग आणि डिस्प्ले दाखवतील. तुम्ही बघायची मोटर. तीस ते साठ हजारांतल्या बहुतेक सायकलींना मागच्या चाकात हब मोटर असते. रस्त्यावर, साध्या कच्च्या वाटेवर ती छान चालते. पण उभ्या चढावर वेग पडला की गिअरचा फायदा तिला मिळत नाही, ती तापते आणि दमते. मिड मोटर असते पेडलपाशी आणि तिचा जोर चेनमधून जातो. म्हणजे तुम्ही हलका गिअर टाकला की मोटरलाही तो मिळतो. डोंगरासाठी हीच खरी; फक्त किंमत लाखांत जाते. दुसरी गोष्ट सेन्सर. स्वस्त गाडीतला सेन्सर फक्त पेडल फिरतंय की नाही एवढंच बघतो आणि एकदम ढकलतो. सुट्या मातीत मागचं चाक जागच्या जागी फिरतं ते यामुळे. टॉर्क सेन्सर तुम्ही किती जोर लावता ते ओळखतो आणि त्या मापात मदत करतो. दोन्ही प्रकार चालवून बघितल्याशिवाय हा फरक कळत नाही, म्हणून आधी भाड्याने घ्या. आम्हीही कोथरूडच्या एका दुकानातून दोन हब मोटरवाल्याच घेतल्या.

आणि हो, लायसन्स लागत नाही. मोटर पाव किलोवॉटच्या म्हणजे २५० वॉटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद होणारी असेल, तर नियमानुसार ती मोटार वाहनात मोडत नाही. पण 'साहेब, वेगाचं लॉक काढून देतो' म्हणणारे मेकॅनिक भेटतात. लॉक काढलं की तुम्ही बिनपासिंगची मोटारसायकल चालवताय. नकोच ते.

आता कुठे चालवायची? कुठे आपलं स्वागत होतं, हा प्रश्न मला चढापेक्षा अवघड वाटतो. पुणेकराच्या डोक्यात पहिली येते ती वेताळ टेकडी. सुमारे ८०० मीटर उंचीची, शहराच्या हद्दीतली सगळ्यात उंच जागा. वर लालसर वाटा, जुनी खाण, नशीब असेल तर मोर. मी आधी पायीच वर गेले, हेतू हा की तिथल्या नेहमीच्या मंडळींशी बोलावं. देवळापाशी कानटोपी घातलेले एक आजोबा भेटले. सायकलवाल्यांबद्दल विचारलं तर म्हणाले, ''साध्या सायकलीची चेन वाजते, हाशहुश ऐकू येतं. तुमची ती बॅटरीची आली की मागून भूत आल्यासारखी येते. मी पंचाहत्तर वर्षांचा आहे, दचकून पडलो तर हाड मोडेल माझं.''

मला यावर प्रतिवाद सुचला नाही, आणि आहे असं वाटतही नाही. त्या वाटा चालणाऱ्यांनी चालून चालून केल्यात. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी तिथे ई-सायकल नेण्याचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वनखात्याच्या गेटवर रखवालदाराने अडवलं तर 'कायद्याने ही मोटार नाही' हा मुद्दा घोळवत बसू नका. आत कुणाला सोडायचं हे ते ठरवतात. जिथे सोडतात तिथे घंटी वाजवा, माणूस दिसला की वेग चालण्याइतका करा, म्हातारं माणूस दिसलं तर सरळ उतरा. शंभरातल्या दोघांनी उनाडपणा केला तरी फाटकावर पाटी लागते, आणि पुण्यातली पाटी एकदा लागली की निघत नाही.

सरावाला त्यापेक्षा सिंहगडाचा घाट बरा. डांबरी आहे, म्हणजे खरं माउंटन बाइकिंग नव्हे, पण बॅटरीचं गणित तिथे चोख कळतं. गड सुमारे १३०० मीटर उंच. पायथ्यापासून चढ ५०० मीटर धरा. सत्तर किलोचा माणूस आणि पंचवीस किलोची सायकल एवढी उंच न्यायला नुसते १३० वॉट-अवर लागतात. मोटरमध्ये आणि घर्षणात जातं ते वेगळं. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे एकूण ३६०. मनगटाने थ्रॉटल पिळून वर गेलात तर निम्म्याहून जास्त बॅटरी गडावर संपते. सगळ्यात खालच्या मोडवर पाय मारत गेलात तर भरपूर उरते. (याच घाटात मे २०२२मध्ये ई-बस सुरू केली होती, महिना संपायच्या आत ती थांबवावी लागली. हा घाट विजेवर चालणाऱ्यांची परीक्षा घेतो.) आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. रविवारी गाड्यांच्या धुरात जीव गुदमरतो. अतकरवाडीची पायवाट मात्र ट्रेकर्सची आहे, तिथे सायकल नको. वर मडक्यातलं दही खा आणि उतरताना ब्रेक सलग दाबून धरू नका. पंचवीस किलोचं धूड आहे, डिस्क तापते. थोडं दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

ताईने हा घाट दोनदा केला. दुसऱ्या वेळी तिने गिअर चढाच्या आधी टाकायला सुरुवात केली, आणि मी समजले की ही आता तयार आहे. चढाच्या मध्यावर, मोटरच्या जोरात गिअर बदलला की चेन कडाडते. आधी हलका करायचा, पेडल भराभर फिरती ठेवायची, पोट हँडलकडे झुकवायचं. एवढं जमलं की अर्धं काम झालं.

आणि मग राजमाची. पुण्याहून येणाऱ्याला जमतं, मुंबईहून येणाऱ्याला जमतं, आणि लोणावळ्यापासून तुंगार्लीमार्गे उधेवाडीपर्यंतची सुमारे पंधरा किलोमीटरची वाट नवशिक्या ई-सायकलवाल्यासाठी जणू मापून केलीय. जीपगाडी जाईल एवढी रुंद, त्यामुळे चालणाऱ्याला बाजूला ढकलावं लागत नाही. चढउतार आहेत, पण दम घ्यायला मध्ये सपाटी येते. झाडी दाट आहे. आम्ही नोव्हेंबरात गेलो. ओढ्यांत घोटाभर पाणी होतं, गवत सोनेरी व्हायला लागलं होतं. पावसाळ्यात मात्र चिखल आणि ओढ्यांचा भरवसा नाही, शिवाय मोटरचं कनेक्शन पाण्यात बुडवून कुणाचं भलं होत नाही. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

सायकली गाडीच्या कॅरियरवर टाकून लोणावळ्यापर्यंत नेल्या. तुंगार्लीचा पहिला चढ खडा आहे. तिथे ताई काहीच बोलली नाही, म्हणून मीही बोलले नाही. धरणाच्या पुढे जंगल सुरू झालं आणि तिने खालच्या मोडवर एक लय पकडली. मोटरचा बारीक गुणगुणाट, टायरखाली करकरणारे खडे, बाकी काही नाही. एका ठिकाणी सुटे दगड असलेला उभा उतार आला. तिथे ती थांबली, गुडघ्यावर हात ठेवला आणि सरळ उतरून सायकल हातात धरून चालत खाली आली. परतीला त्याच जागी वॉक मोड लावला. या मोडमध्ये सायकल माणसाच्या चालीने तुमच्याबरोबर वर सरकते, ढकलावी लागत नाही. पंचवीस किलो लोढणं दगडांतून ढकलायचं असतं तर त्या गुडघ्याचं काय झालं असतं, देव जाणे.

उधेवाडीच्या अलीकडच्या वळणावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले एकदम समोर येतात. ताई तिथे सायकल आडवी टाकून वाटेच्या कडेला बसली. बराच वेळ. फोटो काढू का विचारलं तर मानेनेच नको म्हणाली.

गावात एका घरी पिठलं-भाकरी सांगितली. घरातल्या मावशी सायकलीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाल्या, ''केवढ्याची?'' पन्नासेक हजारांची असेल, म्हटल्यावर त्या हसायलाच लागल्या. ''अर्धी म्हस आली की गं यात! आणि दूध?'' ताईला हसता हसता ठसका लागला. मनरंजनावर आम्ही गेलो नाही. मी एकटी भैरवनाथाच्या देवळापर्यंत जाऊन आले. ताई ओट्यावर मावशींशी तांदळाच्या भावावर बोलत होती.

गावात चार्जिंग मिळेलच असं धरून जाऊ नका. जाऊन-येऊन तीस किलोमीटर एका बॅटरीत बसवायचे. आमच्या परतताना एक-एक दांडी शिल्लक होती. सोबत जास्तीची ट्यूब, पंप आणि मागच्या चाकाच्या नटाला बसणारा पाना हवाच. हब मोटरचं चाक साध्या सायकलसारखं खटका ओढून निघत नाही, आणि बाभळीचा काटा हे ऐकून घेत नाही. गावापासून खाली कोंढाण्याच्या लेण्यांकडे जाते ती पायवाट, तिकडे सायकल वळवू नका. आणि जे आत्ताच लडाखची स्वप्नं बघताहेत त्यांच्यासाठी: विमानात १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी घेत नाहीत, तेव्हा तिकडे गेल्यावरच भाड्याने घ्या.

सध्या आमचं चाललंय मुळशीचं. पौडच्या पुढे मुख्य रस्ता सोडून तळ्याकाठच्या वाड्यांकडे जाणारे कच्चे रस्ते आहेत, ते शोधत फिरायचं. या पाण्याशी विजेचं नातं जुनं आहे. टाटांच्या धरणासाठी गावं बुडणार म्हणून १९२१मध्ये इथे मुळशी सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापट त्यात होते. धरण झालंच, आणि १९२७पासून हे पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करतं. तळ्याकाठच्या एका घरी ताईने ओट्यावरच्या आजींना विचारलं, ''आजी, तासभर चार्जिंगला लावू का? अर्ध्या युनिटच्या आतच जाईल. पैसे देते.'' आजी म्हणाल्या, ''लाव की. पण लाइट आहे का ते आधी बघ.''

नव्हती. चहा मात्र झाला.