बेलोऱ्याच्या मनोऱ्याखाली

आमचा भातकुली तालुका खारपाण पट्ट्यातला. विहिरीचे पाणी खारे, म्हणून शेती बहुतेक पावसाच्या भरवशावर. वाफसा आला की पेरणी, उघाड मिळाली की फवारणी, आणि सारी कामे एकाच वेळी अंगावर येतात. अशा घाईत घरची पोरेच निरोप्याचे काम करतात. दुकानदाराने सांगितलेले बापाला, बापाने सांगितलेले मजुराला. हे सांगणे-ऐकणे त्यांना नीट यावे म्हणून गेल्या हिवाळ्यात तालुक्यातील पंधरा मुलामुलींना मी बडनेऱ्यावरून बेलोऱ्याला, अमरावतीच्या विमानतळाकडे नेले.

येथून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचे प्रवासी विमान सुरू झाले. मुलांना विमान पाहायची हौस होती, मला दाखवायचा होता तो मनोरा. आत कोणालाही सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या ओळखीचे एक निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक, आपल्या वऱ्हाडातलेच, सोबत आले होते. कुंपणाबाहेर निंबाच्या सावलीत त्यांनी चांगली दीड तास शाळा घेतली.

"पोट्टेहो, विमान दिसो न दिसो, आमचं काम कानावर चालते," ते म्हणाले. नियंत्रकाने उंची सांगितली की वैमानिकाने तोच आकडा परत म्हणायचा. नियंत्रकाने तो ऐकायचा आणि चुकला असेल तर तेथल्या तेथे सुधारायचा. नुसते 'हो, समजले' चालत नाही. आकडेही सुटे बोलतात. इंग्रजी नऊ आणि पाच कानाला सारखे लागू नयेत म्हणून नऊला 'नायनर' आणि पाचला 'फाइफ' म्हणतात. शिवाय वाहिनी एकच असते. दोघे एकदम बोलले तर कोणाचेच धड ऐकू जात नाही, म्हणून आधी कान द्यायचा, मग तोंड उघडायचे. (आमच्या ग्रामसभेला हा नियम लागू करता आला तर!)

ही काटेकोरी उगाच आलेली नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. एका वैमानिकाने परवानगी मिळण्यापूर्वीच विमान पळवले होते. नियंत्रक त्याला 'ठीक आहे' म्हणाला आणि लगेच 'थांबा' म्हणाला, पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानातूनही कोणी बोलले आणि पुढचे शब्द शिट्टीसारख्या आवाजात बुडाले. तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. एरवी तो उच्चारायचाच नाही.

मग मुलांचा खेळ झाला. एकमेकांकडे पाठ करून चौघे बसले. पहिलीने सांगितले, "पंधरा लिटरच्या पंपाला दीड मिली." चौथ्याकडे पोचेपर्यंत त्याचे अडीच झाले होते. सारे हसले. दुसऱ्या खेपेला प्रत्येकाने ऐकलेले परत म्हणून दाखवले आणि 'दीड' ऐवजी 'एक पॉइंट पाच' म्हटले. निरोप जसाच्या तसा पोचला. आपल्या भाषेतले दीड-अडीच, एकोणसाठ-एकोणसत्तर हे आकडे फोनवर फार दगा देतात. पुन्हा खेळताना कोणी हसले नाही, कारण मी त्यांना २०१७ सालची आठवण दिली. त्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले होते. तिथली कारणे अनेक होती, पण औषधाचा निरोप हा साधा निरोप नव्हे, एवढे मुलांना कळले.

निघताना एका मुलीने विचारले, "काका, या कामाले काय शिकावं लागते?" ते म्हणाले, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग, मग भरतीची परीक्षा, मग प्रशिक्षण. आमची कृषी पदवी तेथे चालत नाही. मुलगी बारावीला आहे आणि दोन्ही विषय तिच्याकडे आहेत. तिने ते सारे वहीत लिहून घेतले आणि मग त्यांना मोठ्याने वाचून दाखवले.