ठकीच्या हाताखालची पिल्लं

कुत्र्याला माणूस बरोबर ओळखता येतो असं म्हणतात. आमच्या ठकीला येत नसे. कुरिअरवाला, मीटर बघायला येणारा, वर्गणीची पावती फाडायला आलेली मंडळाची पोरं, सगळ्यांपुढे ती सारख्याच आनंदाने उताणी पडायची. मुळशीकडच्या फार्महाऊससाठी पिल्लू न्यायला आलेल्या एका गृहस्थांच्या बुटावर तर ती डोकं ठेवून झोपली. त्यांना पिल्लू साखळीला बांधायला हवं होतं. कोंबड्यांची राखण, शनिवार-रविवारी मालकांची फेरी, मधल्या दिवसांत गडी भाकरी टाकेल. आम्ही पिल्लू दिलं नाही. ठकीने दिलं असतं, आणि स्वतःही त्यांच्या गाडीत बसून गेली असती.

तेव्हा पिल्लांना घरं शोधून द्यायच्या आमच्या उद्योगात माणसं पारखणं आमच्याकडे आणि पिल्लं वाढवणं तिच्याकडे, अशी कामाची वाटणी आपोआप झाली.

ठकीचा जन्म कर्वेनगरला नदीच्या बाजूच्या एका अर्धवट इमारतीखाली, वाळूच्या ढिगात झालेला. पुण्यात बांधकाम सुरू झालं की आधी वॉचमनची पत्र्याची खोली उभी राहते आणि तिच्यामागोमाग एखादी कुत्री येते. वॉचमनची बायको उरलंसुरलं घालते, कुत्री रात्रभर भुंकते, दोघांचंही भागतं. इमारत पुरी झाली की वॉचमन पुढच्या साइटवर जातो आणि कुत्री तिथेच राहते. मग नव्या फ्लॅटमध्ये आलेली मंडळी सोसायटीच्या पहिल्याच सभेत विचारतात, ही भटकी कुत्री आली कुठून? ती त्यांच्या आधीपासून तिथे असते, पण हे सभेत कोण सांगणार.

ठकीचे भाऊ पटापट गेले. एक तपकिरी होता, एक पांढऱ्या पायांचा. ठकी मादी, त्यात काळी, शिवाय एक कान उभा आणि एक पडलेला. मादी म्हटल्यावर लोक पहिलं वाक्य बोलतात ते, ‘नको, पुन्हा पिल्लांची भानगड.’ सहा-आठ महिन्यांची झाली की ऑपरेशन करून टाकता येतं, मग भानगड उरत नाही, हे ऐकेपर्यंत ते चपला घालत असतात. काळ्या रंगाचं तर विचारू नका. शनिवारी काळं कुत्रं शोधत पोळी घेऊन हिंडणारी माणसंसुद्धा घरात काळं नको म्हणतात. भिंतीवर दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, जेजुरीच्या देवाबरोबर कुत्रा असतो, ती सगळी चालतात, कारण ती जिना घाण करत नाहीत. ठकी उरली आणि उरली म्हणून आमची झाली.

तिच्या हाताखाली पहिली पिल्लं आली तेव्हा ती दोन वर्षांची असेल. रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्लावळ आपल्याकडे बहुतेक पावसाळा संपल्यावर, थंडीच्या तोंडाशी होते. गणपती-नवरात्र आटोपलं की आमचा फोन सुरू व्हायचा. आई टेम्पोखाली गेलेली चार पिल्लं कोणीतरी भाजीच्या क्रेटमधून आणून दिली. डोळे नुकते किलकिले झाले होते, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतबाहेरची. एवढ्या पिल्लांना शी-शूसुद्धा आपली आपण करता येत नाही, आई चाटते तेव्हा होते. आम्ही ओल्या कापसाने पुसत बसलो होतो. ठकीने थोडा वेळ आमचा तो कारभार पाहिला, मग मला नाकाने बाजूला सारलं आणि चौघांचं काम उरकून टाकलं. तिचं ऑपरेशन झालेलं, तिला स्वतःची पिल्लं कधी झाली नाहीत. हे तिला कोणी शिकवलं, देव जाणे.

पुढे पिल्लं महिन्याची झाली तेव्हा एक दिवस ती जेवून आली आणि पिल्लांपुढे सगळं ओकली. आमच्या ह्यांनी डॉक्टरांना फोन लावायला घेतला. सासूबाई म्हणाल्या, ‘ठेव तो फोन. आजारी नाही ती, भरवतीय.’ सासूबाई वाईकडच्या. माहेरी मळ्यात कुत्री असायचीच, त्यामुळे कुत्र्यांविषयी त्यांना पुष्कळ कळायचं आणि उमाळा मात्र फारसा नव्हता. पिल्लांना त्या ‘गाबडी’ म्हणत. त्यांना नावं ठेवायची नाहीत हा नियम त्यांचाच. नाव नेणाऱ्याने ठेवायचं, तोवर गळ्यात लोकरीचा दोरा, लाल, पिवळा, हिरवा. आमच्या घरातून गेलेल्या पिल्लांची ओळख अजूनही तीच आहे. ‘तो हिरवा आता केवढा झाला असेल,’ असं आम्ही म्हणतो.

पिल्लू न्यायला येणारे बहुतेकजण ‘एवढंसं’ मागतात. हातात मावणारं, म्हणजे लळा लागतो म्हणे. दोन महिन्यांच्या आत आम्ही एकही दिलं नाही, आणि त्याचं कारण ठकीकडे पाहिलं की समजायचं. पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लाचे दात सुईसारखे असतात. ते जोरात चावलं की ठकी त्याचं सगळं तोंड आपल्या जबड्यात अलगद धरायची, एकदा गुरगुरायची आणि सोडायची. चार दिवसांत पिल्लाला अंदाज यायचा की दात किती लावायचा. आईपासून किंवा भावंडांपासून लवकर तोडलेलं पिल्लू हा अंदाज न घेताच जातं, मग दोन महिन्यांनी तेच लोक फोन करतात, की तुमचं कुत्रं मुलांना चावतं.

एका हिवाळ्यात पार्व्होने अख्खं वेत नेलं. रक्ताचे जुलाब, सलाइन, रात्री पाळीपाळीने बसणं, काही उपयोग झाला नाही. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही. आम्ही फरशी ब्लीचने धुतली, गोणपाटं जाळली आणि पुढच्या थंडीपर्यंत एकही पिल्लू घेतलं नाही. दारातून लोकांना परत पाठवावं लागलं. तेव्हापासून लशीशिवाय पिल्लू उंबऱ्याबाहेर नाही. सहा-आठ आठवड्यांना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, तीन महिन्यांना रेबीजची. नेणाऱ्याच्या हातात आधी लशीचं कार्ड द्यायचं, मग पिल्लू.

आता माणसांविषयी. सुरुवातीला आम्हीही घर केवढं आहे, अंगण आहे का, हेच विचारायचो. सासूबाईंनी एकदा कोपऱ्यातल्या खुर्चीतून सगळं ऐकून घेतलं आणि आपला प्रश्न टाकला, ‘आधी कुत्रं होतं का? कशानं गेलं?’

या प्रश्नाला तोड नाही. कोणी म्हणतो, गाडीखाली आलं. आणि त्याआधीचं? तेही गाडीखालीच. म्हणजे फाटक उघडं असतं. कोणी म्हणतं, बदली झाली तेव्हा ओळखीच्यांना दिलं. त्या ओळखीच्यांकडे कसं आहे? ते मात्र माहीत नसतं. २००३ मध्ये मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग दिसला आणि घराघरांत पग आले. असा पग आणलेल्या एकाने आम्हाला सांगितलं, की तो फार घोरायचा म्हणून देऊन टाकला. त्याला आता ‘साधं देशी’ हवं होतं. चहा देऊन निरोप दिला.

एक रिक्षावाले आले जनता वसाहतीतून. दोन खोल्या, अंगण नाही, गॅलरी नाही. आमच्या जुन्या प्रश्नांवर ते नापासच झाले असते. सासूबाईंनी विचारलं, आधीचं कशानं गेलं? ते म्हणाले, म्हातारं होऊन गेलं. शेवटी त्याला दिसत नव्हतं, म्हणून वर्षभर आम्ही खाट हलवली नाही, धडपडेल म्हणून. सासूबाईंनी मला खूण केली, दे. त्यांच्या घरी आई दिवसभर असायची, कुत्र्याशी बोलायला माणूस होतं. बंगल्यातल्या किती कुत्र्यांच्या वाट्याला ते येतं? त्यांनी नेली ती काळी होती आणि मादी होती. त्यांनी आपणहून तीच उचलली.

पिल्लू आम्ही स्वतः पोहोचवायचो, ठकीसकट. गॅलरीच्या गजांतून पिल्लाचं डोकं जातं का, घरमालकाची हरकत आहे का, हे तिथेच समजतं. सोसायटीवाले अडवतील अशी भीती पुष्कळांना असते. घरात प्राणी पाळायला सोसायटीला बहुमताने ठराव करूनही बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या सूचनांत स्पष्ट केलं आहे. त्या कागदाची एक प्रत आमच्या पिशवीत असे. पिल्लू सोडून निघताना ठकी मागे वळून बघेल, कण्हेल, असं लोकांना वाटायचं. ती बघत नसे. घरी येऊन पिल्लाच्या वाटीत उरलेलं खायची आणि पंख्याखाली पसरायची. तिच्या दृष्टीने तेवढा त्रास कमी झालेला असायचा.

दिलेली काही परत आली. एका तरुण जोडप्याला दोन वर्षांनी परदेशी जायचं होतं, रडत आणून दिलं. लोक अशांना नावं ठेवतात. मी ठेवत नाही. रात्री कात्रजच्या घाटात सोडून येणाऱ्यांपेक्षा दारात आणून देणारा केव्हाही बरा. त्याच सुमाराला निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई पिल्लू मागायला आल्या. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, त्या सत्तरीच्या. सासूबाई म्हणाल्या, ‘बाई, हे पंधरा वर्षं जगतं. आपण कुठं?’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र हसल्या, आणि परत आलेलं ते दोन वर्षांचं शहाणं कुत्रं घेऊन गेल्या. ना दात शिवशिवणं, ना रात्रीचं रडणं. वयस्कर घरांत पिल्लू द्यायचंच नाही, मोठं कुत्रं द्यायचं, हे तेव्हापासून ठरलं.

ठकी तेरा वर्षं जगली. शेवटच्या उन्हाळ्यात मूत्रपिंडं गेली, जेवण सुटलं, दिवसाआड सलाइन चालू होतं. तशातही पायाशी आलेल्या दोन पिल्लांना तिने चाटून स्वच्छ केलं, पण ओकून भरवण्याइतकं पोटात काही नव्हतं. मे महिन्यात ती गेली. सासूबाई त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. कोपऱ्यातल्या खुर्चीत आता मी बसते आणि पहिला प्रश्न तोच विचारते.

ठकीच्या आईचं सांगायचं राहिलं. ठकीला उचलून आणल्यावर आम्ही वाळूच्या ढिगाकडे परत गेलो, मनपाची गाडी बोलावून तिला पकडवली. चार-सहा दिवसांनी ती कानाला खाच घेऊन त्याच जागी परत आली. शस्त्रक्रियेनंतर कुत्रं उचलल्या जागीच सोडायचं, हा नियमच आहे. तिला पुन्हा पिल्लं झाली नाहीत. ते केलं नसतं तर पुढच्या थंडीत त्याच ढिगातून तेवढीच पिल्लं आली असती आणि आम्ही तेवढीच घरं शोधत फिरलो असतो.

तेव्हा कोणाकडून पिल्लू घ्याल तेव्हा पट्टा आणि वाटी नंतर आणा, आधी विचारा की याच्या आईचं ऑपरेशन झालं का. झालं नसेल तर तिला धरायला बहुधा एक माणूस कमी पडत असतो. तुम्ही जा.