डाव्या चाकाची साक्ष

मी कलाशाखेचा विद्यार्थी. सायकलची उतरलेली चेन चढवण्यापलीकडे यंत्रांशी माझा संबंध नसावा, असे कुणालाही वाटेल. पण आमच्या घरी एक जुनी छोटी मोटार आहे आणि गेली दोन वर्षे तिच्या किरकोळ दुरुस्तीचा मान मी आपणहून स्वतःकडे घेतला आहे. त्या मानाचे पुढे काय झाले, त्याचीच ही हकिगत.

दिवाळीनंतर आम्ही कऱ्हाडहून चिपळूणला परत येत होतो. अण्णा गाडी चालवत होते. मागे आई आणि आत्या. कुंभार्ली घाट उतरताना एका वळणावर अण्णांनी ब्रेक दाबला आणि गाडी एकदम उजवीकडे ओढली गेली. समोरून एस. टी. येत होती. अण्णांनी कशीबशी गाडी सावरली. आत्या तेवढी ‘रामा, रामा’ म्हणाली. बाकी कुणी काही बोलले नाही.

घाट संपल्यावर मी खाली उतरून पाहिले. पुढच्या डाव्या चाकाला जळका वास येत होता. हात नुसता जवळ नेला तरी धग लागत होती. उजवे चाक त्या मानाने कोमट. मी जाणत्याचा आव आणून म्हणालो, “अण्णा, तुम्ही सबंध घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरता. पॅड टिकणार तरी कसे?”

अण्णा तीस वर्षे गाडी चालवताहेत. ते एवढेच म्हणाले, “असेल बाबा.” दुसऱ्या दिवशी गाडीची किल्ली खुंटीवर तशीच ठेवून ते बसने कामावर गेले. सबंध आठवडाभर गेले.

रविवारी मी मागच्या चाकांना दगडांची उटी लावली, जॅक चढवला आणि पुढची दोन्ही चाके पाळीपाळीने काढली. नवा असताना ब्रेकपॅडचा थर साधारण दहा मिलिमीटर असतो; तीनच्या खाली गेला की तो बदलायचा. उजवीकडचे दोन्ही पॅड सहा-सहा मिलिमीटर भरले. डावीकडचा बाहेरचा सात, आणि आतला जेमतेम दोन!

मी तिथेच बसून राहिलो. पास्कल आपल्याला माहीत असतो तो तत्त्वचिंतक म्हणून. पण कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा नियमही त्याचाच. पेडल एक, दाबणारा पाय एक, तेलाचा दाब दोन्हीकडे सारखा. अण्णांचा पाय जड असता, तर चारही पॅड सारखेच झिजले असते. एकट्या आतल्या पॅडवर त्यांनी काय म्हणून राग काढावा?

गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेले मिस्त्री बोलावल्यावर आले. त्यांनी कॅलिपर हलवून पाहिला आणि मला समजावले. या कॅलिपरला पिस्टन एकच, तोही आतल्या अंगाला. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. मग त्या जोराने सबंध कॅलिपर दोन पिनांवरून आत सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना अडकल्या की कॅलिपर सरकत नाही. बाहेरच्या पॅडला काम उरत नाही, आणि आतला मात्र ब्रेक सोडल्यावरही घासत राहतो. डावे चाक नीट धरत नाही, म्हणून गाडी उजवीकडे ओढते.

पिस्टन दाबून पाहिला. तो सुरळीत मागे गेला. म्हणजे दोष त्याचा नव्हे. मग मिस्त्रींनी खालची पिन पिळून पिळून बाहेर काढली. तिचे रबर फुगून चिकटले होते. त्यांनी त्यावरचे पिवळे ग्रीस चिमटीत घेतले आणि विचारले, “हे कुणी भरलं?”

मी ते ओळखले. गेल्या पावसाळ्यात डाव्या चाकाचा आवाज येत होता, म्हणून पिना काढून मीच त्यांना चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस फासले होते. मिस्त्री म्हणाले, “खनिज तेलाच्या ग्रीसनं ब्रेकचं रबर फुगतं. इथं ब्रेकसाठीचं सिलिकोन ग्रीसच लागतं.” दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला आता जागाच नव्हती.

पुढचे काम सोपे होते. पिना आणि त्यांची भोके साफ केली, रबरे नवी घातली, योग्य ते ग्रीस बेताने लावले. पिना बोटाने सरकू लागल्या. पिस्टन मागे ढकलताना टाकीतले ब्रेक ऑइल वर येते आणि सांडले तर रंग खाते, म्हणून त्यावर लक्ष ठेवले. पॅड दोन्ही चाकांचे नवे घातले. एकाच बाजूचे बदलून चालत नाही. चाके बसवल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत दाबले. हे विसरले तर पहिला ब्रेक रिकामा जातो.

काम पुरे झाले तरी खरे काम राहिलेच होते. अण्णा ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. मी समोर उभा राहून सगळे सांगितले; ग्रीसचेही. घाटातल्या त्या वळणाचे नाव काही मला घेववले नाही.

अण्णांनी वर्तमानपत्राची घडी केली. “उजव्या पिनांना काय लावलं होतंस?”

“तिकडे हात लावला नव्हता.”

“तरी उघडून बघितल्यास ना?”

“बघितल्या. मोकळ्या आहेत.”

“मग आण किल्ली.”

पोफळीपर्यंत आम्ही दोघेच जाऊन आलो. गाडी त्यांनी चालवली. परतल्यावर त्यांनी आधी उजव्या चाकाजवळ हात धरला, मग डाव्या. मला म्हणाले, “तूही बघ.” मी पाहिले. दोन्ही चाके सारखीच ऊन होती.

सोमवारी सकाळी खुंटीवर किल्ली नव्हती.